ड्रॅगनचं चिनी अक्षर: तीन रूपांपैकी पाटीवर कोणतं घ्यावं, आणि त्यातल्या भागांचा अर्थ काय?

पाटीवाला_लातूर

नमस्कार मंडळी. पाट्या, फ्लेक्स आणि रेडियमचं काम करतो. चायनीजच्या गाड्याची पाटी करायची आहे. मालकाला वर एकच मोठं चिनी अक्षर पाहिजे, ड्रॅगनचं. नेटवर बघितलं तर तीन वेगवेगळी रूपं दिसायलीत. एक लई गुंतागुंतीचं, एक चार-पाच रेघांत संपणारं, अन् एक दोन्हीच्या मधलं. तिन्ही एकच आहेत का वेगळे शब्द आहेत?

दुसरं, एका ठिकाणी लिहिलंय की त्या मोठ्या अक्षरात डावीकडं वर 'उभं राहणं' आणि त्याखाली 'चंद्र' आहे, म्हणून अर्थ होतो 'चंद्रावर उभा राहणारा'. मालकाला हे आवडलंय, पाटीखाली मराठीत तसंच लिहा म्हणायलेत. खरं असेल तरच लिहीन. अन् याच अक्षराची मागणी एका कराटे क्लासचीही आहे, त्यांना पण हेच चालेल का? जाणकारांनी सांगावं.

---

शाईदौत

तिन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत.

गुंतागुंतीचं आहे ते पारंपरिक रूप, १६ रेघांचं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही तेच चालतं. चीनमध्येसुद्धा सुलेखनात आणि जुन्या वळणाच्या दुकानांच्या पाट्यांवर ते दिसतं. पाच रेघांचं आहे ते सरकारी सोपं रूप. १९५६ च्या लिपी-सुलभीकरण योजनेनंतर चीनमध्ये ते रूढ झालं, पण हवेतून काढलेलं नाही. भरभर लिहिताना झालेल्या जुन्या वळणावरून ते घेतलंय. मधलं, १० रेघांचं, हे जपानमधलं आजचं नेहमीचं रूप.

म्हणून चायनीजच्या गाड्याला १६ किंवा ५ रेघांचं घ्या. १० रेघांचं टाकलं तर जाणणाऱ्याला ती जपानी पाटी वाटेल. कराटे मूळ ओकिनावाचं, म्हणजे जपानचं. तिथं १० रेघांचं चालेल, आणि १६ रेघांचंही जपानी लोक नावांत, क्लबच्या चिन्हांत सर्रास वापरतात. दोन्ही गिऱ्हाइकांना एकच कटिंग द्यायचं असेल तर १६ रेघांचं सगळीकडं खपतं.

आता कामाचं. नेटवरचं चित्र ट्रेस करू नका, अक्षर टाइप करून घ्या. वर्डमध्ये ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या नंबर पॅडवर १६ रेघांच्या रूपासाठी ४०८४५, ५ रेघांच्या रूपासाठी ४०८५७, जपानी रूपासाठी ३१४५२ हे आकडे दाबा. नम लॉक चालू पाहिजे, आणि वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. अक्षर आलं की कॉपी करून कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या.

इथं आपल्याकडं हमखास घोळ होतो तो श्रीलिपीमुळं. टेक्स्ट बॉक्सला आधीच श्रीलिपीचा जुना फॉन्ट लागलेला असतो, त्यात चिनी अक्षर पेस्ट केलं की रिकामी चौकट नाहीतर प्रश्नचिन्ह उमटतं. आधी फॉन्ट बदला. पारंपरिक रूपासाठी मायक्रोसॉफ्ट जेंगहेई, सोप्या रूपासाठी मायक्रोसॉफ्ट याहेई. मग कंट्रोल आणि क्यू दाबून कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारात बदला आणि तेव्हाच छपाईला द्या. कर्व्ह न करता फाइल दिली तर समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो आणि चौकटच छापून येते.

अक्षर चौकोनात बसतं, तेव्हा ते आडवं ताणू नका. काचेच्या आतून लावायचं रेडियम उलटं कापतात, त्यात बाहेरून वाचताना सुलटं येतंय ना, एवढं बघा. आणि १६ रेघांच्या रूपात उजवीकडं खाली आत तीन बारीक आडव्या रेघा आहेत. अक्षर दोन इंचांपेक्षा लहान असेल तर रेडियम सोलताना त्याच आधी निघून येतात. तेवढ्या लहान कामाला पाच रेघांचं रूप घ्या.

---

गोदाकाठ_नांदेड

रूपांचं वर आलंच आहे, मी 'चंद्रावर उभा राहणारा' याबद्दल लिहितो. ते पाटीवर अजिबात लिहू नका. त्या अक्षरात चंद्र नाही आणि उभं राहणंही नाही.

हे अक्षर मुळात एका प्राण्याचं चित्र आहे. त्याचं सगळ्यात जुनं लिखित रूप हाडांवर कोरलेलं मिळतं. शांग राजवटीच्या उत्तरकाळात, इसवी सनापूर्वी साधारण १२५० पासून पुढं, राजाच्या वतीनं प्रश्न विचारून बैलाचं खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच तापवायचे. त्याला तडे गेले की त्यावरून कौल घ्यायचा आणि प्रश्न शेजारीच कोरून ठेवायचा. ही हाडं हनान प्रांतातल्या आन्यांगजवळ मिळाली. त्याआधी कितीतरी काळ गावकरी ती उकरून औषधवाल्यांना 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकत होते आणि ती कुटून औषधात जात होती. १८९९ मध्ये वांग यिरोंग या अधिकाऱ्यानं त्यांवरची लिपी ओळखली. १९२८ पासून तिथं शिस्तीत उत्खनन झालं.

त्या हाडांवरचं आपलं अक्षर डोळ्यांपुढं आणा. वर डोक्यावर तुऱ्यासारखा किंवा शिंगासारखा भाग. त्याखाली मोठं, आ वासलेलं तोंड. आणि तिथून निघून वळत गेलेलं, सापासारखं अंग, टोकाला शेपटीचा आकडा. बस्स. काही हाडांवर दोनचार रेघांत उरकलेलं आहे, काहींवर अंग जाड, दुहेरी रेघेनं काढलेलं आहे. तोंड कधी डावीकडं, कधी उजवीकडं. तेव्हा वळण पक्कं झालेलं नव्हतं.

मग 'उभं राहणं' आणि 'चंद्र' आले कुठून? डोक्यावरचा तुरा शतकानुशतकं लिहिता लिहिता सरळ होत गेला आणि 'उभं राहणं' या पाच रेघांच्या अक्षरासारखा दिसू लागला. वासलेलं तोंड, त्यातल्या दातांसकट, अंगापासून सुटलं आणि चौकोनी होत 'चंद्र' किंवा 'मांस' या चार रेघांच्या आकारात जाऊन बसलं. (चिनी लिपीत मांसाचं अक्षर दुसऱ्या अक्षराचा भाग झालं की चंद्रासारखंच दिसतं, म्हणून हा गोंधळ आणखी वाढतो.) उरलेलं वळणदार अंग म्हणजे उजवीकडच्या सात रेघा. पाच, चार आणि सात मिळून सोळा. अंग आधी तोंडालाच जोडलेलं होतं, ते तुटून शेजारी उभं राहिलं, म्हणून आज अक्षराचे दोन उभे भाग दिसतात. छिन राजवटीत, इसवी सनापूर्वी २२१ नंतर, मुद्रालिपी (शिक्क्यांवर दिसते ती जुनी लिपी) प्रमाण झाली तोवर ही फाळणी बऱ्यापैकी पक्की झालेली होती.

ही गफलत आजच्या नेटवाल्यांनीच केली असंही नाही. शू शेन या पंडितानं इसवी सन १०० च्या सुमारास पहिला मोठा अक्षरकोश पूर्ण केला. त्यानं फोड केली ती अशी: मांस, त्याबरोबर उडण्याचा आकार, आणि वरचा भाग म्हणजे 'थुंग' या दुसऱ्या अक्षराचा तुकडा, तो फक्त उच्चारासाठी. माणूस मोठा अभ्यासू, पण हाडांवरची अक्षरं त्याच्या काळी जमिनीखाली होती. त्याच्यासमोर जे आकार होते ते आधीच बदललेले होते, आणि त्यांवरून त्यानं तर्क केला. हाडं सापडल्यावर ती फोड टिकली नाही.

याला आणखी एक आधार आहे. तसाच तुरा हाडांवरच्या 'फंग' या पक्ष्याच्या अक्षरातही डोक्यावर दिसतो. फंग म्हणजे तो राजेशाही पक्षी, ज्याला आपण फिनिक्स म्हणतो. दोन्ही प्राणी थोर, म्हणून दोघांच्या डोक्यावर तीच खूण, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. तिथं 'उभं राहणं' लावून बघा, काहीच जमत नाही.

हाडांवर हे अक्षर प्राण्यासाठी येतं तसं एका शत्रू टोळीच्या, प्रदेशाच्या नावातही येतं. आकृती मात्र लिपीहून खूप जुनी आहे. हनानमध्येच पुयांग इथं १९८७ मध्ये एका थडग्यात मृताच्या एका बाजूला शिंपल्यांनी मांडलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला वाघ सापडला. ड्रॅगन १.७८ मीटर लांब, आणि सहा हजार वर्षांहून जुना.

खाली मराठीत काही लिहायचंच असेल तर नुसता उच्चार लिहा. तो 'लाँग' नाही, 'लुङ्' आहे. शेवटी वाङ्मयातला ङ्, त्यानंतर वेगळा ग ऐकू येत नाही. सूर खालून वर चढता, आपण 'हो?' असं विचारताना चढतो तसा. पाटीवर 'लुंग' लिहिलं तरी चालेल.

---

पाटीवाला_लातूर

गोदाकाठ सर, आभार. मालकाला तुमचं लिहिणं जसंच्या तसं दाखवतो. एक शंका राहिली. बाकी चिनी अक्षरांत पण हे अक्षर बारीक होऊन बसलेलं दिसायलंय. मग तिथं सगळीकडं ड्रॅगनचा अर्थ धरायचा का? 'बहिरा' या अक्षरात पण तेच आहे म्हणतात, ड्रॅगनला कान नसतात म्हणून.

---

शाईदौत

नाही दादा. तिथं ते उच्चारासाठी आलंय. खाली 'कान' हे अर्थ सांगणारं अक्षर, वर लुङ् हे आवाज सांगणारं, आणि मिळून 'लुङ्' म्हणजे बहिरा. ड्रॅगनला कान नसतात ही गोष्ट मागाहून जोडलेली. चित्रकारांच्या जुन्या परंपरेत तर त्याला बैलाचे कान सांगितलेत.

अशी अक्षरं पुष्कळ आहेत. वर बांबू आणि खाली लुङ् म्हणजे पिंजरा किंवा बांबूची टोपली. मोमो उकडायच्या गोल टोपल्या असतात ना, त्यांच्या चिनी नावात हेच अक्षर येतं. खाली माती असेल तर शेतातला वरंबा. खाली दगड असेल तर भाताचं तूस काढायचं जातं. बाजूला तोंड असेल तर घसा. यातल्या कशातच ड्रॅगन नाही. चिनी अक्षरांतली बहुसंख्य अक्षरं अशीच बनलीत, अर्धा भाग अर्थाचा आणि अर्धा आवाजाचा. प्रत्येक तुकड्याचा अर्थ जोडून वाक्य करायला गेलं की फसगत होते.

शब्द म्हणून जेव्हा लुङ् येतो तेव्हा गोष्ट वेगळी. नळाच्या तोटीला चिनीत 'श्वेइ-लुङ्-थोउ' म्हणतात, शब्दशः पाण्याच्या ड्रॅगनचं डोकं. लुङ् आणि झिंगा मिळून लॉब्स्टर, म्हणजे शेवंड. म्हणून गाड्यावर दोन अक्षरं घ्यायची ठरली तर नेटवरून कुठलीही जोडी उचलू नका, नाहीतर पाटी शेवंडाची व्हायची. 'सोनेरी ड्रॅगन' ही जोडी हॉटेलांना नेहमीची आहे. आधी सोन्याचं अक्षर, मग लुङ्, उच्चार 'जिन लुङ्'. डावीकडून उजवीकडं लावा, उभी पाटी असेल तर वरून खाली.

कराटे क्लासवाल्यांना ब्रूस लीचं नाव सांगा. त्याचं चिनी रंगमंचावरचं नाव 'ली शाओ-लुङ्', म्हणजे ली, लहान ड्रॅगन. त्याचा जन्म १९४० चा, चिनी बारा वर्षांच्या चक्रात ते वर्ष ड्रॅगनचं होतं. अलीकडचं ड्रॅगन वर्ष २०२४, पुढचं २०३६.

---

वेरूळची_वाट

चर्चा वाचून राहवलं नाही, कारण या अक्षराचा आपल्या मातीशी थेट संबंध आहे आणि तो कुणी सांगत नाही.

बौद्ध ग्रंथ चिनीत जाऊ लागले तेव्हा 'नाग' हा शब्द कसा लिहायचा हा प्रश्न आला. सापासाठी चिनीत वेगळं अक्षर होतंच, उच्चार 'श'. तरी भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी नागासाठी लुङ् घेतलं. त्याला कारण होतं. ग्रंथांतला नाग म्हणजे बांधावरचा साप नव्हे. तो पाण्याखालच्या महालात राहतो, राजा असतो, पाऊस पाडतो आणि अडवतो. चीनमध्ये हे सगळं काम लुङ् करत होता.

कुमारजीवानं इसवी सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यात सुरुवातीलाच आठ नागराजांची नावं येतात. नंद, उपनंद, सागर, वासुकी, तक्षक अशी ओळखीची नावं, आणि प्रत्येकापुढं लुङ्-राज असं लिहिलेलं. चीनमधल्या समुद्राच्या ड्रॅगनराजाच्या कथांवर या नागराजांची मोठी छाप आहे.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं नाव बघा. कुमारजीवाच्या परंपरेत ते 'लुङ्-शू', म्हणजे ड्रॅगन आणि झाड. अर्जुन इथं वृक्ष धरलाय. श्वेनत्सांगनं, ज्याला आपण ह्युएनत्संग म्हणून शाळेत शिकलो, ते 'लुङ्-मंग' केलं, म्हणजे ड्रॅगन आणि पराक्रमी. अर्जुन योद्धा धरला. दोन्हींत 'नाग'साठी हेच अक्षर. श्वेनत्सांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, आणि त्यानं पूर्वेकडच्या डोंगरातल्या ज्या विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय ते अजिंठ्याचं मानतात. अजिंठ्याला १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर डाव्या हाताला राणीसह बसलेला नागराज आहे, डोक्यामागं फणा उभारलेला. कुणी चिनी पाहुण्याला त्याच्यासमोर उभं करून 'नागराज' सांगायचं असेल तर चिनी शब्द 'लुङ्-वांग'. 'श' म्हटलं तर त्याला नुसता साप कळेल.

म्हणून पाटीवाले दादा, मराठीत या अक्षराचा अर्थ द्यायचाच झाला तर 'नागराज' हा 'ड्रॅगन'पेक्षा त्याच्या जास्त जवळ आहे, असं माझं स्पष्ट मत. इंग्रजी कथांतला आग ओकणारा, पंखवाला, राजकन्येला कोंडून ठेवणारा प्राणी हा नव्हे.

---

नक्षत्र_परभणी

वर शू शेनच्या कोशाची फोड चुकली असं आलं, ते बरोबरच आहे. पण त्याच नोंदीत एक वाक्य आहे, ते सोडू नये. तो म्हणतो, लुङ् वसंतसंपाताला आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल डोहात शिरतो. (संपात म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस, मार्चमधला आणि सप्टेंबरमधला.)

हे आकाशाचं वर्णन आहे. चिनी लोकांनी पूर्वेकडच्या सात नक्षत्रांचा मिळून एक मोठा निळा-हिरवा ड्रॅगन कल्पिलाय. ती सात नक्षत्रं म्हणजे आपली चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ आणि पूर्वाषाढा. (दोन-तीन ठिकाणी प्रमाण तारा वेगळा धरतात, स्वातीचा तर खासच, पण क्रम हाच.) चित्रेचा तारा म्हणजे ड्रॅगनचं शिंग. ज्येष्ठेचा लाल तारा त्याचं काळीज. तिथल्या नक्षत्राचं नावच 'हृदय' आहे. मूळ ही त्याची शेपटी, आपण विंचवाची नांगी म्हणतो तीच.

दोन हजार वर्षांपूर्वी शरदसंपात चित्रेच्या अगदी जवळ होता. म्हणजे वसंतसंपाताला सूर्य मावळला की पूर्वेला चित्रा उगवायची, ड्रॅगनचं शिंग क्षितिजावर यायचं. शरदसंपाताला सूर्यच चित्रेपाशी, म्हणून शिंग त्याच्या उजेडात बुडायचं. शू शेनचं वाक्य अक्षरशः खरं होतं. संपातबिंदू सरकल्यामुळं आता हे तीनेक आठवडे पुढं गेलंय. एप्रिलच्या मध्याला, चैत्र पौर्णिमेच्या आसपास, दिवस मावळल्यावर पूर्वेला बघा, चित्रा वर येताना दिसेल. चैत्राला नाव तिच्यावरूनच पडलं. रात्र चढेल तसा शिंगामागं काळीज आणि शेपटी असा सगळा प्राणी वर येतो.

काही अभ्यासक याच्याही पुढं जातात. त्यांच्या मते हाडांवरचं वळणदार अक्षर हे याच ताऱ्यांना रेघेनं जोडून झालंय. शिंगापासून शेपटीपर्यंत रेघ ओढली तर शेपटीचा तो आकड्यासारखा बाक जुळतो खरा. सगळ्यांना ते मान्य नाही. माझ्या मते अक्षर ताऱ्यांवरून आलं म्हणण्यापेक्षा, प्राण्याची कल्पना आणि ताऱ्यांची मांडणी एकमेकींच्या आधारानं वाढल्या, एवढंच नेटानं म्हणता येतं.

आणि पाऊस. शेतकऱ्याच्या दृष्टीनं या अक्षराचा खरा अर्थ तोच आहे. हान राजवटीच्या काळातल्या तुंग चुंगशू या पंडिताच्या नावानं चालणाऱ्या ग्रंथात अवर्षणासाठी मातीचे ड्रॅगन करायचा विधी माप देऊन सांगितलाय. वसंतातला दुष्काळ असेल तर मधोमध एक मोठा हिरवा ड्रॅगन, ८ झांग लांब. सोबत सात लहान, प्रत्येकी ४ झांग. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. हान काळचा १ झांग म्हणजे सुमारे २.३ मीटर, म्हणजे मोठा ड्रॅगन १८ मीटरच्या पुढं. आठ मुलांनी उपास करून हिरवे कपडे घालून नाचायचं. ऋतू बदलला की रंग, संख्या, दिशा आणि नाचणारे बदलतात. मृग कोरडा गेल्यावर आपल्याकडं गावोगाव 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत लिंबाचा पाला बांधून पोरं फिरवतात, त्याच गरजेतून आलेला हा विधी.

---

पाटीवाला_लातूर

लई मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. मालक आता 'नागराज' लिहा म्हणायलेत. १६ रेघांचंच घ्यायचं ठरलंय, पण मशीनवर न कापता पत्र्यावर ब्रशनं रंगवायचंय. दोन फुटांचा चौकोन आहे. शेजारी ड्रॅगनचं चित्रही पाहिजे. रेघा कोणत्या क्रमानं घ्यायच्या, अन् चित्रात काय सांभाळायचं?

---

शाईदौत

चौकोनात आधी खडूनं उभी-आडवी मधली रेघ आणि दोन कर्ण मारा, आठ भाग होतील. चिनी मुलं अशाच चौकटीत गिरवतात. कडेनं चारी बाजूंनी दोन इंच मोकळं सोडा. उरलेल्या २० इंचांत डावा भाग साडेनऊ इंच धरा, उजवा किंचित रुंद, कारण खालच्या कोपऱ्यात शेपटी वळून वर हुकासारखी उचलते आणि तिला जागा लागते.

क्रम असा. डावा वरचा तुरा आधी, त्यात टिंब, मग आडवी, मग दोन छोट्या तिरक्या, मग खालची लांब आडवी. त्यानंतर डावं खालचं तोंड, आधी त्याची डावी बाजू, मग वरून उजवीकडं वळून खाली उतरणारी, मग आतल्या दोन आडव्या. मग उजवा भाग वरून खाली. हुकाची मोठी रेघ झाल्यावर आतल्या तीन छोट्या आडव्या सगळ्यात शेवटी. त्या दोनच काढल्या तर अक्षर चुकलं, आणि ही चूक पाट्यांवर बऱ्याचदा दिसते. दोन फुटांच्या अक्षराला ब्रश एक इंची पुरे. दीड इंची घेतला तर डाव्या तोंडातल्या फटी भरून जातील.

(पाच रेघांचं कधी काढलंत तर त्यातली चौथी, हुकाच्या रेघेवरून डावीकडं झुकणारी छोटी तिरकी विसरू नका. ती राहिली तर उरतं ते 'विशेषतः' या अर्थाचं वेगळंच अक्षर.)

चित्रासाठी क्लिपआर्टमधला वटवाघळाच्या पंखांचा ड्रॅगन उचलू नका, तो युरोपचा. चिनी लुङ्ला बहुधा पंख नसतात. जुन्या परंपरेत त्याची नऊ साम्यं सांगितलीत: हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे, बैलाचे कान वगैरे. नख्या मोजून काढा. पाच नख्यांचा ड्रॅगन मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात बादशहाचा, चार नख्यांचा त्याखालच्या मानकऱ्यांचा. आज कुणी अडवत नाही, पण गाड्याला चार शोभतील. पाच काढायच्या तर चारी पायांना पाच काढा. एका पायाला चार आणि दुसऱ्याला पाच असं झालं की जाणकाराची नजर आधी तिथंच जाते.

रंग लाल पार्श्वभूमीवर सोनेरी घ्या. पांढऱ्यावर काळं अक्षर शोकाच्या फलकासारखं दिसतं.